आपापलं शून्य

मृत्युंजय घुगरे यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर इतके शेरे मारले होते, की आपल्या कामावर कुणी शेरा मारील ही शक्यता त्यांनी कधी धरलीच नव्हती. सरकारी कचेरीत ते अंदाजपत्रकं तपासायला होते. पुलाला वाळू किती, गटाराला विटा किती, शाळेच्या पत्र्याला हूक किती, हे सगळं आधी लिहून आलं पाहिजे अशी त्यांची श्रद्धा होती. 'अंदाजे', 'साधारण' आणि 'लागेल तसं' यांतला एखादा शब्द कागदावर दिसला की त्यांच्या तांबड्या पेनाचं टोपण आपोआप निघायचं. अशा माणसाचं लग्न महादेवीशी झालं, जिचा निम्मा कारभार याच शब्दांवर चालायचा. तरी संसार सुखाचा झाला, कारण घरात तांबडा पेन चालत नसे.

महादेवी संकेश्वरची. रागावली की कानडी, लाडात आली की मराठी, आणि दोन्ही भाषा एकदम सुरू झाल्या की घुगरे गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला जात. कॉलनीच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष होती, आणि दर श्रावणात ती मंगल कार्यालयात झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा भरवायची. ज्यांनी कोल्हापुरातल्या या स्पर्धा बघितल्या नाहीत, त्यांना फुगडी म्हणजे लहान मुलींचा खेळ वाटतो. पहाटे म्हशींच्या धारा काढून, घरच्यांच्या भाकऱ्या थापून, टेंपोत उभ्यानं आलेल्या बायका नऊवारीचा काष्टा आवळून रिंगणात उतरल्या की कार्यालयाच्या फरशीला धाप लागते. साठीच्या बाया बसफुगडी घालताना बघून पोरसवदा डॉक्टरणीनं एकदा आपली नाडी तपासून घेतली होती. घुगरे दरवर्षी मागच्या रांगेत बसून ही स्पर्धा बघायचे आणि इतकं काम इतक्या बायका कुठल्याही अंदाजपत्रकाशिवाय कशा करतात, याचं मनातल्या मनात नवल करायचे.

पण आदल्या वर्षी भांडण झालं होतं. पंचांनी गुणांची बेरीज हातानं केली, ती तीनदा केली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. कागलच्या संघाची प्रमुख शालूबाई उभी राहिली आणि म्हणाली की निकाल घरातनंच ठरवून आणलाय. मग आजऱ्याच्या बायका बोलल्या, मग सगळ्याच बोलल्या. बक्षिसाची पैठणी दोन संघांच्या मध्ये ताणली गेली, ती आता कपाटात होती आणि पैठणी म्हणून ओळखू येत नव्हती.

त्यामुळे यंदा आषाढातच घुगऱ्यांच्या हॉलमध्ये बैठक बसली. शालूबाई मुद्दाम कागलहून आली होती. तिनं सरळ सांगितलं, "खेळ सुरू व्हायच्या आदी समद्यांच्या नावापुढं शून्य हाय का न्हाई ते दावायचं. मग फुगडी. आनि यंदा बी असंच झालं, तर आमी काय परत येनार न्हाई, आनि कोनाला येऊ बी देनार न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. महादेवी शांतपणे म्हणाली, "यंदा निकालावर बोट आलं तर मीच ही स्पर्धा बंद करते." तिनं ते शांतपणे म्हटलं म्हणूनच घुगरे स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन थबकले. ही स्पर्धा बंद झाली तर बायको वर्षभर कशाकडे बघून जगेल, हे त्यांना कळेना. आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"गुण संगणकावर मोजू," घुगरे म्हणाले. "मी प्रोग्रॅम लिहितो."

शालूबाईनं चहाचा कप हातात घेताना प्रथमच घुगऱ्यांकडे नीट बघितलं. महादेवीच्या डोळ्यांत जे काही आलं, ते घुगऱ्यांनी लग्नानंतर थेट त्या संध्याकाळीच पाहिलं, आणि मग माघार घ्यायला जागाच उरली नाही.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. कचेरीतल्या सगळ्यांना संगणकाचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं होतं. बाकीचे परीक्षा पास झाले आणि आनंदानं सगळं विसरले. घुगऱ्यांना मात्र या यंत्राचा स्वभाव आवडला. मागितल्याशिवाय काही देत नाही, अर्धविराम चुकला तरी फाईल परत पाठवतं, आणि वशिला घेत नाही. असं खातं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणून ते शाहूपुरीत क्रांती मॅडमच्या क्लासला सी ही संगणकाची भाषा शिकायला जाऊ लागले. क्रांती त्यांच्या मुलीपेक्षा लहान. ती त्यांना काका म्हणायची आणि ते तिला मॅडम म्हणायचे, आणि दोघंही हे अगदी गंभीरपणे करायचे.

घुगऱ्यांनी पहिल्याच दिवशी बायकोला विचारलं, "संघ किती येणार?"

"येतील तेवढे."

"असं नाही गं. आकडा सांग."

"मला कसा ठावं आकडा? श्रावण हाय. कुनाची जाऊबाई येती, कुनाचा टेंपो बिघडतो. येतील तेवढे."

"मग नावनोंदणीची शेवटची तारीख ठेवू. त्यानंतर आलेल्यांना परत पाठवायचं."

महादेवीनं लाटणं खाली ठेवलं. "दारात आलेल्या बायकांना परत लावायचं? भर श्रावनात? तुमी लावा. मी आत बसून बघते."

घुगरे गच्चीवर गेले.

त्यांची अडचण खरी होती. सी भाषेत एकाच जातीच्या बऱ्याच गोष्टी ठेवायच्या तर ॲरे लागतो. ॲरे म्हणजे ओळीनं मांडलेले खण, प्रत्येक संघाच्या गुणांना एकेक खण. आणि हे खण किती, ते प्रोग्रॅम लिहितानाच सांगावं लागतं, असं ते शिकले होते. भरपूर खण आधीच धरून ठेवावेत असा साधा उपाय कुणीही सुचवला असता. पण ज्या माणसानं जादा धरलेल्या विटांपायी एका अभियंत्याला रडवलं होतं, त्यानं स्वतः रिकामे खण धरून ठेवायचे म्हणजे काय? घुगऱ्यांना ते जमण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात लाऊडस्पीकरच्या परवानगीचं प्रकरण उपटलं. अर्जात 'सहभागी संघांची संख्या' असा रकाना होता आणि महादेवीनं त्यात ठळक अक्षरात 'येतील तेवढे' लिहून दिलं होतं. अर्ज परत आला. सरकारी माणूस म्हणून घुगरे स्वतः गेले, टेबलापलीकडच्या साहेबांशी समदुःखी सुरात बोलले आणि अशी माहिती कशी चालणार नाही हे त्या साहेबांच्या आधी त्यांनीच सांगून टाकलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झिम्मा-फुगडीचं हाय व्हय हे? आमच्या घरातनं बी येनार हाईत, पन किती जनी ते तिलाच ठावं न्हाई. ऱ्हाऊ द्या तसंच." त्यांनी शिक्का मारला. घुगरे शिक्क्याकडे बघत जिना उतरले. सरकारनं 'येतील तेवढे' मान्य केलं होतं, आणि अडून बसले होते ते एकटेच.

त्यांनी ही व्यथा क्रांतीला सांगितली. ती म्हणाली, "अहो काका, आता चालतंय की तसं. नवीन नियमात सुधारणा झाल्यात. आधी आकडा विचारायचा, आणि मग तेवढ्याच खणांचा ॲरे करायचा. चालू प्रोग्रॅममध्ये. आपल्या क्लासमधल्या जुन्या कंपायलरला ते समजत नाही, पण या सीडीतल्याला समजतं." आणि तिनं एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्यांच्या हातावर ठेवली. कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कारकून.

कुठंतरी सातासमुद्रापार, टाय लावलेल्या शहाण्या माणसांची एक समिती बसली, तिनं चर्चा केली, ठराव केला आणि महादेवीचं म्हणणं नियमात आणलं. पाहुणे किती ते आधी ठाऊक नसतं, हे त्या गोऱ्या माणसांना कळलं होतं. एकही जादा खण नाही, एकही कमी नाही. अशी व्यवस्था ज्यानं काढली त्याला कोल्हापूरचा गूळ पाठवावा असं घुगऱ्यांच्या मनात आलं, पण समितीचा पत्ता क्रांतीकडे नव्हता.

आता उरलं होतं शून्य. गुण मोजायचे म्हणजे आधीच्या गुणांत नवे मिळवत जायचं, आणि म्हणून सुरुवातीला प्रत्येक खणात शून्य असायला हवं. इथं घुगऱ्यांना एक युक्ती माहीत होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. ॲरे मांडतानाच बरोबरचं चिन्ह द्यायचं, महिरपी कंसात एक शून्य बसवायचं, की सगळे खण शून्य होतात. एका शून्यात सगळ्या गावाचं काम. अशी काटकसर त्यांना कुठल्याच ठेकेदारात दिसली नव्हती. घरच्या संगणकावर त्यांनी नव्या ॲरेपुढं ती महिरप घातली, शून्य बसवलं आणि कळ दाबली.

कंपायलरनं शेरा मारला. ज्या वस्तूचा आकार बदलता आहे, तिला मांडतानाच सुरुवातीची किंमत देता येणार नाही.

घुगऱ्यांनी तो शेरा पुन्हा वाचला. मग चष्मा पुसून वाचला. शेऱ्याची भाषा थेट त्यांचीच होती. कोरडी, नम्र आणि वाद घालायला जागा न ठेवणारी. जन्मभर त्यांनी हीच भाषा दुसऱ्यांना वाचायला लावली होती, आणि ती वाचणाऱ्याच्या बाजूनं कशी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

क्रांतीला विचारावं तर ती परीक्षेसाठी पुण्याला गेली होती. मग गल्लीनं हा प्रश्न हातात घेतला. खालच्या मजल्यावरचा जोतीराम, जुना पैलवान, वर आला, यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाला, "तोंड कुठं हाय ह्याचं? दक्षिनंला? मग कसं ऐकंल?" दोघांनी मिळून टेबल पूर्वेला फिरवलं. कंपायलरनं पूर्वेकडं तोंड करून तोच शेरा मारला. समोरचा विजयसिंह संगणक विकायचा. त्यानं कपाळाला आठ्या घालून "व्हायरस" असं निदान केलं आणि घुगरे हो-नाही म्हणायच्या आत यंत्र पार कोरं करून दिलं. व्हायरस होता की नव्हता हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रोग्रॅम होता आणि तो गेला, हे लगेच कळलं.

"पुना लिव्हायचा की," विजयसिंह म्हणाला. "तुमाला काय, पाठच असंल."

घुगऱ्यांनी तो पुन्हा लिहिला. शेरा पुन्हा आला. आता स्पर्धा तोंडावर आली होती. महादेवी येता-जाता त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघायची आणि काही न बोलता चहा ठेवून जायची, आणि तो न बोललेला विश्वासच घुगऱ्यांना जास्त जड जात होता. शेवटी कचेरीतल्या माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. ज्या मजकुरावर हरकत आहे तो मजकूरच काढून टाकला. महिरपही गेली आणि शून्यही गेलं. कंपायलर गप्प झाला. त्यांनी दोन-चार खोटे संघ घालून बघितलं, सगळ्यांच्या नावापुढं शून्यं आली, बेरजाही बरोबर आल्या. खण नवा मिळाला की तो रिकामा असणारच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली. ती समजूत चुकीची होती. यंत्र खण देतं, पण झाडून देत नाही, आधीच्या भाडेकरूचं सामान त्यात तसंच असतं. घुगऱ्यांच्या घरच्या तालमीत ते खण निव्वळ नशिबानं रिकामे निघाले होते.

त्या आनंदात त्यांनी बायकोलाही एक सुधारणा सुचवली. स्पर्धेच्या दिवशी महादेवी ताट घेऊन प्रत्येक संघाला हळदीकुंकू लावत फिरायची आणि त्यात तासभर मोडायचा. घुगरे म्हणाले, "आदल्या दिवशीच प्रत्येक खुर्चीवर हळदीकुंकवाची पुडी ठेवून दे. वेळ वाचेल."

महादेवीनं त्यांच्याकडे बघितलं. "खुर्चीला कुंकू लावू व्हय? आदी बाई येऊ दे, बसू दे. मग मी जाते तिच्याकडं."

ते तर्कानं पटण्यासारखं नव्हतं, पण तिच्या आवाजात कानडीची चाहूल लागली होती. घुगऱ्यांनी विषय सोडला.

स्पर्धेच्या रविवारी संगणक रिक्षातून कार्यालयात आला. मॉनिटर घुगऱ्यांच्या मांडीवर होता आणि भवानी मंडपातून पालखी निघावी तशा थाटात जोतीराम रिक्षापुढं सायकलवरून वाट करून देत होता. विजयसिंहानं दुकानातून मोठा प्रोजेक्टर आणला होता आणि पांढऱ्या चादरीवर घुगऱ्यांचा पडदा भिंतीएवढा दिसत होता. बायका टेंपोतून, एसटीतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येत राहिल्या. कुणी नोंदणी केली नव्हती, तरी सगळ्यांना आपली जागा ठाऊक होती. चहा गेला. उप्पीट गेलं. शेवटी महादेवीनं माईक घेतला, "झाल्या वाटतं समद्या" असं म्हटलं आणि नवऱ्याकडे मान वळवली. घुगऱ्यांनी संघांचा आकडा घातला. यंत्रानं तेवढेच खण मांडले. एकही जादा नाही. त्यांनी संघांची नावं घातली, आणि कॉलर नीट करून म्हणाले, "ठरल्याप्रमाणे आता सर्वांचे शून्य दाखवण्यात येत आहे."

त्यांनी कळ दाबली. चादरीवर यादी आली.

कागलच्या नावापुढं चाळीस लाखांवर काहीतरी होतं. गारगोटीला शून्य होतं. आजऱ्याच्या नावापुढं उण्याचं चिन्ह होतं आणि त्यापुढचा आकडा चादरीत मावत नव्हता. बाकीच्या संघांना जे मिळालं होतं ते ज्याच्या त्याच्या दैवानुसार होतं.

मग आजऱ्याची चिमणाबाई उठली. सहा फूट उंच, काजूच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला, आवाज डोंगराच्या पलीकडं जाणारा. ती म्हणाली, "आमी अजून पदर बी खोचला न्हाई, आनि कागलाला चाळीस लाख?"

"आमाला कुनी मागितलं हुतं?" शालूबाई ताडकन उठली. "हे बगा, आमी म्हनतच हुतो. घरातनं ठरवून आनत्यात. औंदा आमच्याच पदरात टाकलं, म्हंजे आमचं तोंड बंद."

"आनि आमाला उणं का म्हनून? काय दिलं न्हाई ते बी चालंल. असलेलं बी काढून घेतलासा?"

कार्यालय पेटलं. विजयसिंह प्रोजेक्टर विझवायला धावला तर चार बायकांनी त्याला धरलं, कारण पुरावा नाहीसा करतोय असं त्यांचं म्हणणं पडलं. जोतीराम पैलवान मध्ये पडायला उठला आणि समोर कोण आहेत ते बघून पुन्हा बसला. घुगऱ्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त महादेवी दिसत होती. ती माईक धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी बंद करते, असं ती आता म्हणणार, आणि तिला ते म्हणायला लावणारे आपणच, हे त्यांना स्वच्छ कळलं. या वर्षी त्यांनी चूक केली नसती, नुसते मागच्या रांगेत बसले असते, तरी भांडण याहून लहान झालं असतं.

पण महादेवी तसं काही म्हणाली नाही. तिनं माईक खाली ठेवला, हळदीकुंकवाचं ताट उचललं आणि थेट चिमणाबाईपुढं जाऊन उभी राहिली. चिमणाबाईचं वाक्य अर्ध्यावर होतं. कोल्हापूर जिल्ह्यात अजून अशी बाई जन्मली नाही, जी समोर हळदीकुंकू आल्यावर भांडण चालू ठेवील. तिनं तोंड मिटलं आणि मान पुढं केली. महादेवीनं कुंकू लावलं, गजरा दिला आणि पुढच्या संघाकडं सरकली. मग त्याच्या पुढच्या. सावकाश, एकेक करत, कुणाला न चुकता. ती जिथं पोचायची तिथला आवाज बसायचा, आणि तिच्या पुढच्या रांगेत अजून दंगाच असायचा.

घुगरे तोंड उघडं टाकून हे बघत होते. एक रांग शांत झाली. दुसरी झाली. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुर्चीला कुंकू लावू व्हय? आदी बाई येऊ दे, बसू दे, मग मी जाते तिच्याकडं. कंपायलरनं याहून वेगळं काय सांगितलं होतं? किती येणार हे ठाऊक नाही, तर त्यांच्या नावाचं शून्य आधीच कसं लिहून ठेवणार? आधी खण मांडू देत. मग पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेका खणाशी जायचं आणि शून्य ठेवायचं. तो शेरा नव्हताच. ती समजावणी होती. त्या समितीतल्या माणसांबद्दल आणि आपल्या बायकोबद्दल त्यांना एकदमच इतका आदर वाटला, की डोळ्यांत पाणी येऊन कीबोर्ड दिसेना.

त्यांनी डोळे पुसले आणि दोन ओळी लिहिल्या. पहिल्या खणापासून सुरू कर, प्रत्येकात शून्य ठेव, पुढं जा. बस्स. चादरीवर नवी यादी आली. वरपासून खालपर्यंत शून्यच शून्य, गिरणीतून निघालेल्या शेवयांसारखी एका रेषेत.

"झालं," घुगरे माईकवर म्हणाले. "तांत्रिक दोष दूर करण्यात आला आहे."

शालूबाई काही साधी बाई नव्हती. कपाळावर ताजं कुंकू घेऊनच ती म्हणाली, "पावनं, मघाशी चाळीस लाख दावलासा, आता शून्य दावताय. सांजच्याला काय दावशीला? कुटलं खरं धरायचं आमी?"

प्रोग्रॅम बरोबर होता, पण तो बरोबर आहे हे फक्त त्यांना आणि यंत्राला माहीत होतं, आणि दोघांचीही पत गेली होती. तेव्हा रिकामं ताट घेऊन परत आलेली महादेवी नवऱ्याच्या कानाशी वाकली. "हे शून्य तुमीच घालायला पायजे काय? दुसऱ्या कुनी घातलं तर चालत न्हाई?"

"चालतं की," घुगरे म्हणाले. "विचारून घेता येतं."

"मग घ्या की विचारून. ज्येचं तेला घालू दे."

आणि तिनं माईकवर सांगितलं, की प्रत्येक संघाच्या प्रमुखानं पुढं यायचं आणि आपलं शून्य आपल्या हातानं घालायचं. मग कुणी कुणाला काही दिलं नाही आणि कुणाचं काही काढलं नाही.

घुगऱ्यांनी एक ओळ बदलली. आता यंत्र प्रत्येक खणापाशी थांबत होतं आणि वाट बघत होतं. रांग लागली. त्या रांगेत ज्या बायका होत्या, त्यांतल्या बहुतेकींनी संगणकाला तोवर हात लावलेला नव्हता. पण नाकात नथ, हातात चुडा आणि चेहऱ्यावर मतदानाचं गांभीर्य घेऊन त्या एकेक करत आल्या. शालूबाईनं आधी पदराला हात पुसला, मग शून्याची कळ दाबली, मागं वळून भिंतीवर आपलं शून्य आलंय का ते बघितलं आणि कागलच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. गारगोटीचं शून्य आलं, टाळ्या. चिमणाबाईनं कळ अशी दाबली की काजूच फोडतेय. चादरीवर एकामागून एक शून्यांची माळ निघाली आणि घुगरे दचकले.

"लई झाली काय ओ?" चिमणाबाईनं हळू आवाजात विचारलं.

"कितीही घाला, मावशी," घुगरे म्हणाले. "शून्यच राहतं."

"मग ऱ्हाऊ दे. आजऱ्याचं हाय, जरा मोटं दिसू दे."

सगळ्यांची शून्यं झाली. कार्यालयात इतकी शांतता आणि इतकं समाधान या स्पर्धेनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पंचांनी पेनं उघडली. जोतीरामानं हलगीवाल्याला खूण केली.

आणि दारात टेंपोचा हॉर्न वाजला.

चंदगडच्या बायका होत्या. वाटेत टायर बसलं होतं, निम्मा घाट त्यांनी गाणी म्हणत चालून काढला होता. पुढं उभ्या असलेल्या बनाबाईच्या काष्ट्याला गुडघ्यापर्यंत चिखल होता. तिनं सगळ्या तयारीवरून, भिंतीवरच्या शून्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "उशीर झाला न्हवं? असू द्या. आमी बसून बगतो. इतक्या लांबनं आलो, बगून तरी जातो."

सगळं कार्यालय घुगऱ्यांकडे वळलं. महादेवीही वळली. तिला अडचण ठाऊक होती. एकदा मांडलेला ॲरे वाढत नाही, हे त्यांनीच तिला घरी जेवताना दोनदा समजावून सांगितलं होतं. आता खण वाढवायचा म्हणजे प्रोग्रॅम बंद करायचा, तो पहिल्यापासून चालवायचा, आकडा नवा घालायचा, आणि ही सगळी शून्यं पुन्हा घालून घ्यायची. नियम घुगऱ्यांच्या बाजूनं होता. वेळ घुगऱ्यांच्या बाजूनं होती. तांबड्या पेनाला याहून स्वच्छ कागद मिळाला नसता.

घुगऱ्यांनी त्या चिखलाकडे बघितलं. मग त्यांनी प्रोग्रॅम बंद केला. भिंतीवरची सगळी शून्यं एकदम गेली. काळ्या पडद्यावर पहिला प्रश्न पुन्हा उमटला, किती संघ?

"बसून कशाला बघताय?" घुगरे म्हणाले. "या की."

त्यांनी एक वाढवून आकडा घातला. महादेवी ताट भरायला आत गेली, पण जाता जाता तिनं नवऱ्याकडे जे बघितलं, त्यापुढं आषाढातलं ते बघणं काहीच नव्हतं. शून्य घालायला पुन्हा रांग लागली, आणि कुणाचीही तक्रार नव्हती, कारण ते काम सगळ्यांनाच आवडलं होतं. चिमणाबाई तर आपल्या जावेला घेऊन आली, या वेळी तिला दाबू दे म्हणाली. शेवटी बनाबाईनं ओल्या हातानं चंदगडचं शून्य घातलं. हलगी कडाडली.

संध्याकाळी आजरा पहिला आला. कागल दुसरं आलं, आणि शालूबाईनं बेरजेकडे बराच वेळ बघून "बरोबर हाय" एवढंच म्हटलं, जे घुगऱ्यांनी अजून जपून ठेवलं आहे. कपाटातल्या पैठणीऐवजी नवी पैठणी गेली. निघताना चिमणाबाई घुगऱ्यांपाशी थांबली आणि पुढच्या वर्षी आजऱ्याहून आणखी दोन-तीन वाड्यांच्या बायका यायचं म्हणतात, तुमच्या यंत्रात किती संघ मावतात, असं तिनं विचारलं.

घुगरे वायर गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"येतील तेवढे," ते म्हणाले.